डाव्या हाताचा षड्ज

आंबेगाव तालुक्यातलं लोणी घ्या, नाहीतर शेजारच्या जुन्नरमधलं कुठलंही गाव घ्या. काकड्याला आणि हरिपाठाला अजून पेटीच असते. पण जत्रेतल्या कार्यक्रमाला आणि नारायणगावच्या राहुट्यांतून ज्यांच्या सुपाऱ्या ठरतात त्या तमाशाच्या फडांना आता कॅसिओ लागतो. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे कीबोर्ड म्हणजे कॅसिओच.) पेटीवाल्याचा उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. कॅसिओनं हा डावा हात मोकळा केला आणि मोकळा झालेला हात कॉर्ड धरू लागला. मराठी संगीत नाटकातल्या पायपेटीनं, म्हणजे ऑर्गननं, ही सोय फार आधी करून ठेवली होती, पण ऑर्गन गावोगाव पोचला नाही.

कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक सूर एकदम वाजवणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण काही कॉर्ड एकीमागून एक आल्या की कान सुखावतो आणि काही आल्या की दचकतो, असं का? याचं निम्मं उत्तर तंबोऱ्यात आहे. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुठलाही सूर एकटा येत नाही. हिशेबाला सोपा म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. त्याच्याबरोबर ४८०, ७२०, ९६०, १२०० असे उपस्वर वाजत असतात. त्यातला ७२० हा वरच्या सप्तकातला पंचम आणि १२०० हा त्याच्याही वरचा गंधार. म्हणजे सा-ग-प ही कॉर्ड एका षड्जातच दडलेली असते. तिच्यातल्या सुरांचं प्रमाण ४:५:६, म्हणजे २४०, ३०० आणि ३६०. याउलट सा आणि कोमल रे एकदम दाबा. २४० आणि २५६ यांच्यात सेकंदाला सोळा ठोके पडतात आणि तो खरखरीतपणा कानाला बोचतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ च्या ग्रंथात हे ठोक्यांचं गणित मांडलं.

आता एका कॉर्डवरून दुसरीवर जाऊ. पांढरी एक ही पट्टी धरा, म्हणजे सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजेल. सा-ग-प वाजवून लगेच म-ध-सां वाजवली, तर अख्खा हात उचलून पुढे न्यावा लागतो आणि ऐकतानाही उडी मारल्यासारखं वाटतं. तेच सूर सा-म-ध असे मांडा. सा जागेवर राहतो, ग अर्ध्या स्वरानं सरकून म होतो, प पुढच्या ध वर जातो. मग नि-रे-प. खालचा नि मूळ सा च्या अगदी शेजारी आणि रे-प ही हाताखालीच. पुन्हा सा-ग-प वर या. बोटं एक-दोन घरंच सरकली आणि चक्र पूर्ण झालं. सूर तेच ठेवून सर्वांत खाली कोणता ठेवायचा हे बदलणं, यालाच इन्व्हर्जन म्हणतात. मांडणी बदलली तरी कॉर्ड तीच राहते, हे फ्रान्सच्या रामोनं १७२२ मध्ये शास्त्र म्हणून लिहिलं. स्वभाव मात्र बदलतो. सा खाली असला की कॉर्ड ठाम बसते, ग खाली आला की हलकी होते, प खाली आला की लोंबकळत राहते आणि पुढे कुठेतरी टेकायला मागते.

या तीन कॉर्डांचे पाये सा, म आणि प. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर एकमेकांचे संवादी मानले आहेत. सा-म नऊ, सा-प तेरा. युरोपातल्या कॉर्डांच्या चालीचा कणाही याच दोन अंतरांचा आहे. शिवाय प च्या कॉर्डमध्ये नि असतो, आणि आरोहात नि वर थांबलेल्या गवयाला सा किती ओढतो हे शास्त्र न शिकलेल्या श्रोत्यालाही कळतं.

तरीही सगळं श्रेय निसर्गाला देता येत नाही. जॉश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास छापला. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना गोड आणि बोचऱ्या कॉर्ड सारख्याच बऱ्या वाटल्या. म्हणजे सवयीचा वाटा मोठा. आपल्याला ही सवय लावली ती गोवेकरांनी. चर्चच्या शाळांमध्ये सोल्फा शिकलेले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक-अरेंजर मुंबईच्या स्टुडिओत आले आणि हिंदी गाण्यांच्या मागे हार्मनी उभी राहिली. तीच गाणी खेड्यातल्या रेडिओवर पोचली.

अडचण येते ती रागात. रागाचा सा हलत नाही आणि कॉर्डची चाल तर दर वेळी नवा पाया मांडते. अभंग मालकंसात लागला की कॅसिओवाला सवयीनं सा-कोमल ग-प अशी मायनर कॉर्ड धरतो आणि मालकंसात वर्ज्य असलेला पंचम तिथे शिरतो. बुवांच्या कपाळावर आठी पडते, ती योग्यच आहे.

पण यातून वाट आहे आणि ती इन्व्हर्जनमधूनच जाते. मालकंसाच्या पाच सुरांतून दोनच सरळ कॉर्ड निघतात. एक म-कोमल ध-सा, दुसरी कोमल ध-सा-कोमल ग. पहिली सा-म-कोमल ध अशी उलटी मांडा, दुसरी सा-कोमल ग-कोमल ध अशी. दोन्हींत सा तळाला, कोमल ध माथ्यावर, हलतो फक्त मधला म, आणि तो कोमल ग वर उतरतो. ही म-ग ची हालचाल तर मालकंसाचा प्राण! भूपातही हेच: सा-ग-प आणि सा-ग-ध, सरकतो फक्त प. यात योगायोग नाही. भूपाच्या गंधाराला सा मानलं की मूर्च्छनेनं मालकंस होतो, त्यामुळे दोन्ही रागांच्या कॉर्ड म्हणजे त्याच पट्ट्या. कॅसिओवर पांढरी एक ला भूप आणि पांढरी तीन ला मालकंस वाजवून पाहा, खात्री पटेल.

एक उणीव मात्र राहतेच. पेटीचा आणि कॅसिओचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे अशीच तक्रार होती आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पंचम जेमतेम दोन भागांनी उतरा असतो, तो खपून जातो. म्हणून संथ आलापीच्या वेळी डाव्या हाताला गंधार देऊच नये. भूपात नुसते सा-प धरावेत, मालकंसात सा-म, आणि भरलेल्या कॉर्ड लय वाढल्यावर काढाव्यात.

कॅसिओवाल्या मंडळींना एकच सांगणं: यंदाच्या सप्ताहात ऑटो-कॉर्डचं बटण बंद ठेवा, आणि बुवांनी राग सांगितला की डावा हात ठेवण्याआधी वर्ज्य सूर विचारून घ्या.