औषधांची खतावणी कशी वाचावी?

दम्याचा झटका आला की रोगी साल्ब्युटामॉलचा फवारा ओढतो आणि काही मिनिटांत त्याच्या श्वासनलिका मोकळ्या होऊ लागतात. त्याच रोग्याला रक्तदाबावर किंवा अर्धशिशीवर दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली, तर त्याच श्वासनलिका आवळल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून दमेकऱ्याला ती वर्ज्य मानतात. नवल असे की, ही दोन्ही औषधे शरीरात एकाच जागी जाऊन बसतात. मग एक तारक व दुसरे मारक, असे का? कापसाच्या धुळीत ज्यांची फुप्फुसे गेली अशा माणसांत आम्ही वावरलो. आम्हांला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही.

ती जागा म्हणजे पेशीवरील ग्राही, इंग्रजीतील रिसेप्टर. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड अलक्विस्ट यांनी ॲड्रिनॅलिनच्या ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन वर्ग पाडले. श्वासनलिकेवर असतो तो बीटा-२. जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल घडविले ते या बीटा ग्राहींसाठीच. पुढे १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राही हा गिरणीतील साचा समजा. एक कामगार येतो व साचा चालू करतो. दुसरा साच्यापुढे नुसताच उभा राहतो. स्वतः चालवीत नाही आणि दुसऱ्यालाही चालवू देत नाही. पहिला तो चालक रेणू, ॲगोनिस्ट; दुसरा तो रोधक, अँटागोनिस्ट. साल्ब्युटामॉल चालक आहे, प्रोप्रॅनोलॉल रोधक.

असे कोणते रेणू कोणत्या ग्राहीवर काय करतात, याच्या खतावण्या आज संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांतील दोन प्रमुख होत. 'गाइड टु फार्माकॉलॉजी' ही औषधशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व ब्रिटनमधील संस्थेची मिळून असलेली वही एडिंबरो विद्यापीठात सांभाळली जाते. तीत तज्ज्ञांनी पारखलेल्या, मोजक्या नोंदी असतात. दुसरी 'केम्बल', केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथील. तीत मुख्यतः शास्त्रीय नियतकालिकांतून वेचलेले वीस लाखांहून अधिक रेणू आहेत. तिचे मूळ भांडार एका खासगी कंपनीच्या ताब्यात होते. २००८ साली वेलकम ट्रस्टने पैसा दिला आणि ते सर्वांना खुले झाले. ज्ञान कुलुपाबाहेर काढता येते, ते असे.

आता पाहावयाचे कसे? नवख्याने पहिल्या वहीपासून आरंभ करावा. औषधाऐवजी ग्राहीचे नाव घालावे. तेथे चालक व रोधक यांचे वेगळे तक्ते सापडतात. मग आकडा पाहावा. 'केआय' हा आकडा निम्म्या ग्राहींवर बसण्यास औषध किती लागते ते सांगतो. म्हणून तो जितका लहान, तितकी पकड घट्ट. परंतु 'पीकेआय' असे लिहिले असेल तर हिशेब उलटतो: तेथे मोठा आकडा घट्ट पकडीचा. पीकेआय ९ म्हणजे १ नॅनोमोलर. ६ म्हणजे १००० नॅनोमोलर. दोन वह्यांतील आकडे ताडताना येथेच घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट अशी की, हा आकडा फक्त पकड सांगतो, काम सांगत नाही. साच्यापुढे घट्ट उभा असलेला माणूस साचा चालवतो आहे की अडवतो आहे, हे वेगळे पाहावे लागते. मोजणी मानवी ग्राहीवर केली की उंदराच्या, तेही पाहावे. आणि शंका आल्यास नोंदीखाली दिलेला मूळ निबंध काढावा.

या वह्या वाचून कोणी आपली गोळी बदलू नये किंवा थांबवू नये. ते डॉक्टरांचे काम. पण नवीन औषध लिहून घेताना दमेकऱ्याने "मला दमा आहे" हे आधी सांगावे. ते का सांगावयाचे, याचे उत्तर बीटा-२च्या पानावर कोणालाही वाचता येईल.