पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या प्राणिचाचण्या

कुत्री, मांजरे इ. सोबतीच्या प्राण्यांसाठी कारखान्यात तयार केलेले खाद्य पोषक, निर्धोक व रुचकर आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी त्याच जातींच्या प्राण्यांवर करण्यात येणाऱ्या चाचण्या. औषधे वा सौंदर्यप्रसाधने यांच्या चाचण्यांत प्राण्याला होणारा त्रास आणि माणसाला मिळणारा लाभ यांची तुलना केली जाते. येथे त्रास सोसणारा व लाभ घेणारा हे दोन्ही प्राणी एकाच जातीचे असतात. त्यामुळे माणसाचे हित विरुद्ध प्राण्याचे हित हा नेहमीचा युक्तिवाद अपुरा पडतो. एका कुत्र्याने इतर कुत्र्यांसाठी किती सोसावे आणि ते कोणत्या हेतूसाठी, हा या विषयातील मूळ नैतिक प्रश्न होय.

पार्श्वभूमी : जेम्स स्प्रॅट यांनी सु. १८६० मध्ये लंडन येथे कुत्र्यांची बिस्किटे विकण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वी कुत्र्यामांजरांना प्रामुख्याने घरातील उरलेले अन्न व मांसाचे तुकडे मिळत. आहार मिश्र असल्याने एका पदार्थातील उणीव दुसऱ्याने भरून निघे. विसाव्या शतकात एकच डबाबंद किंवा कोरडे खाद्य जन्मभर देण्याची प्रथा रूढ झाली आणि ही सोय नाहीशी झाली. एखादे खाद्य ‘संपूर्ण व समतोल’ असल्याचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली; तीतून चाचण्यांची पद्धती विकसित झाली.

प्रकार : रुचिचाचणीत प्राण्यासमोर दोन भांड्यांत दोन खाद्ये ठेवून तो कोणते आधी व किती खातो, याची नोंद करतात. पचनचाचणीत खाल्लेले खाद्य व विष्ठा यांचे विश्लेषण करून कोणता घटक किती पचला, हे काढतात. आहारचाचणी दीर्घ मुदतीची असते. अमेरिकेतील खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघाने (स्थापना १९०९) ठरविलेल्या पद्धतीनुसार प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठी किमान आठ कुत्र्यांना २६ आठवडे केवळ तेच खाद्य देतात व त्यांचे वजन, रक्त आणि सर्वसाधारण प्रकृती तपासतात. त्यांपैकी निदान सहा कुत्र्यांनी चाचणी पूर्ण करावी लागते. खाद्यातील घटक पोषणतक्त्याशी जुळवून दाखविण्याचा पर्यायही तेथे मान्य आहे व त्यात नव्या प्राण्याचा उपयोग होत नाही. मात्र हे तक्ते पूर्वीच्या प्राणिप्रयोगांवरच बऱ्याच अंशी आधारलेले आहेत. शस्त्रक्रियेने ऊतकाचा नमुना घेणे, बुद्ध्या पोषणन्यूनता निर्माण करणे किंवा अखेरीस प्राणी मारून त्याची इंद्रिये तपासणे, हे प्रयोग वरील चाचण्यांहून सर्वस्वी भिन्न असून तीव्र वाद मुख्यत्वे त्यांच्याबाबत झाला.

टॉरिनाचे उदाहरण : या प्रश्नाच्या दोन्ही बाजू टॉरीन या पोषकद्रव्याच्या इतिहासात दिसून येतात. मांजराच्या शरीरात टॉरीन पुरेसे तयार होत नाही. के. सी. हेझ व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की टॉरिनाच्या अभावी मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो. हे ज्ञान प्रयोगशाळेत सदोष आहारावर ठेवलेल्या मांजरांच्या दृष्टीची किंमत देऊन मिळाले. तथापि तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. १९८७ मध्ये पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनी हृद्स्नायूच्या एका घातक विकाराचा संबंध टॉरिनाच्या न्यूनतेशी जोडला. रोगी मांजरे घरोघरी पाळलेली होती आणि विक्रीस असलेल्या खाद्यांवर जगत होती. त्या खाद्यांतील टॉरीन तेव्हा पुरेसे समजले जाई. टॉरीन दिल्यावर अनेक मांजरे बरी झाली आणि खाद्यांतील त्याचे प्रमाण वाढविल्यावर हा विकार विरळ झाला. चाचणी अपुरी असली, की बाजारातील प्रत्येक प्राणी नकळत चाचणीचा विषय बनतो, असा याचा अर्थ होतो.

२००७ मध्ये उत्तर अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनात मेलामाइनाची भेसळ आढळली. त्या खाद्यांमुळे कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली व कोट्यवधी डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. असे संकट आहारचाचणीने टळत नाही. त्यासाठी कच्च्या मालाची रासायनिक तपासणी करावी लागते. प्राण्यावरील चाचणी हा सुरक्षिततेचा एकमेव वा सर्वोत्तम मार्ग नव्हे, हे यावरून दिसते.

नैतिक मते : पीटर सिंगर यांच्या ॲनिमल लिबरेशन (१९७५) या ग्रंथातील उपयुक्ततावादी भूमिकेनुसार प्राण्याच्या दुःखाला समान महत्त्व देऊन एकूण हिताहिताचा हिशेब करावा लागतो. टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या हक्कवादानुसार प्राण्याला स्वतःचे मूल्य असते व इतरांच्या लाभासाठी त्याचा केवळ साधन म्हणून उपयोग करणे गैर ठरते, मग ते इतर त्याच्याच जातीचे का असेनात. संमतीचा प्रश्नही बिकट आहे. घरच्या प्राण्याच्या वतीने त्याचा पालक निर्णय घेतो. प्रयोगशाळेतील प्राण्याची पालक मात्र चाचणीत आर्थिक हितसंबंध असलेली कंपनीच असते. शिवाय रोग टाळण्यासाठी केलेली चाचणी आणि प्रतिस्पर्ध्याहून आपले खाद्य अधिक चविष्ट ठरविण्यासाठी केलेली चाचणी यांचे नैतिक वजन सारखे नाही. निवासाची परिस्थितीही तितकीच महत्त्वाची आहे. निरुपद्रवी चाचणीतील कुत्राही वर्षानुवर्षे एकाकी कोंडलेला असू शकतो. २००३ मध्ये पेटा या संघटनेने आयम्स कंपनीसाठी काम करणाऱ्या मिसूरी राज्यातील एका प्रयोगशाळेविषयी याच प्रकारचे आरोप गुप्त चित्रीकरणासह प्रसिद्ध केले. त्यानंतर कंपनीने त्या प्रयोगशाळेशी संबंध तोडले.

नियमन व पर्याय : डब्ल्यू. एम. एस. रसेल व आर. एल. बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्याऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या घटविणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, ही तीन तत्त्वे मांडली. अमेरिकेत १९६६ चा कायदा व ब्रिटनमध्ये १९८६ चा कायदा प्रयोगांतील प्राण्यांना संरक्षण देतो. भारतातील १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमात शक्य तेथे प्रयोग टाळावेत आणि मोठ्या प्राण्यांऐवजी ससे, उंदीर यांसारख्या लहान प्राण्यांवर काम भागत असेल, तर तसे करावे, अशी दिशा दिलेली आहे. मांजराच्या पोषणाचा प्रश्न मात्र उंदरावर सुटत नाही, कारण दोघांची टॉरिनाची गरज भिन्न असते.

म्हणून येथे पर्यायांचा शोध वेगळ्या मार्गाने घ्यावा लागतो. पालकांच्या संमतीने घरीच घेतलेल्या चाचण्या, पचनक्रियेच्या प्रयोगशाळीय प्रतिकृती, पशुवैद्यांकडील रोगनोंदींचे संकलन आणि जुन्या प्रयोगांची माहिती कंपन्यांनी परस्परांस देणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. घरातील प्राणी इतर पदार्थही खात असल्याने घरगुती चाचणीचे निष्कर्ष कमी काटेकोर असतात. पण टॉरीन व हृद्विकार यांचा संबंध रुग्णालयात आलेल्या घरगुती मांजरांमुळेच उघड झाला, हे लक्षात घेता त्यांचे मोल कमी लेखता येत नाही. प्राण्याला इजा करणारे प्रयोग वर्ज्य मानणे, खाण्यापुरत्या मर्यादित चाचण्यांतील प्राण्यांना सोबत, मोकळीक व पुढे घर मिळवून देणे आणि केवळ विक्रीसाठी केलेल्या चाचण्यांचे समर्थन वेगळे मागणे, हे निकष या क्षेत्रात उपयुक्त ठरतात.