सांगा, दाणा कुठंय?

माळेगावच्या जत्रेत मी वीस रुपये हरलो तेव्हा अकरावीत होतो. पैसे माझे नव्हते. बैलाची घुंगुरमाळ आणायला मामानं दिलेले होते. आमच्या बिलोली भागातून लोक वेळ अमावास्येच्या तोंडावर खंडोबाला जातात. लोहा तालुक्यातलं हे माळेगाव म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. घोडे, गाढवं, उंट, तमाशाच्या राहुट्या आणि धूळ. त्या धुळीत एका पोत्यावर एक माणूस उकिडवा बसला होता. पुढ्यात तीन काळी टोपणं आणि रबराची एक गोळी, वाटाण्याएवढी. दहा लावा, वीस घ्या. दोघंतिघं जिंकत होते. एक धोतरवाला हरला, पण आम्हा सगळ्यांना गोळी कुठं आहे ते दिसत होतं आणि त्याला मात्र दिसत नव्हतं. त्याच्या आंधळेपणाचं मला हसू आलं.

मग तो माणूस तंबाखू थुंकायला मागं वळला. तेवढ्यात शेजारच्यानं मधलं टोपण हळूच उचलून मला गोळी दाखवली आणि डोळा मारला. मी वीसही रुपये मधल्यावर लावले. टोपण उचललं, तर खाली पोतं.

थुंकायला वळणं, डोळा मारणं, धोतरवाल्याचं हरणं, हे सगळं एकाच कंपूचं नाटक होतं हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. या खेळात टोपणांपेक्षा माणसं महत्त्वाची. भोवती उभ्या सात-आठ जणांत खरं गिऱ्हाईक एखादंच असतं, बाकी साथीदार. आणि खेळ अगदी सचोटीचा असता, तरी हिशेब काय? तीनातून एकदा दहा मिळणार, दोनदा दहा जाणार. म्हणजे दहा रुपयांच्या प्रत्येक डावामागे सरासरी तीन रुपये तेहेतीस पैशांचा खड्डा. एवढं गणित मला अकरावीत येत होतं. आठवलं नाही, इतकंच.

पुढं मी विज्ञानाचा मास्तर झालो आणि हा खेळ शिकलो. रागानं म्हणा हवं तर.

तेव्हा कृती सांगतो. मूळ खेळ अक्रोडाच्या तीन अर्ध्या टरफलांचा. टरफल आतून कोरून गुळगुळीत करायचं. मागच्या कडेला किंचित खोलगट भाग हवा. दाणा खरा वाटाणा नको, मऊ हवा. पूर्वी बुचाचा तुकडा घासून गोल करत, आता रबर किंवा स्पंज. आणि खाली कापड पाहिजेच: सतरंजी, टॉवेल, पोतं, काहीही चालेल. टेबलाची काच चालत नाही. कारण सगळी करामत घर्षणाची आहे. टरफल दाण्यावर ठेवून पुढं सरकवलं की कापड दाण्याला धरून ठेवतं, टरफल पुढं जातं आणि दाणा मागच्या कडेखालून बाहेर येतो. तिथं अंगठा आणि मधलं बोट वाट बघत असतात. दाणा त्या चिमटीत बसतो. टरफल पुढं ढकलणं आणि दाणा उचलणं ही एकच हालचाल; दुसरी हालचालच नाही, म्हणून डोळ्याला सापडत नाही. दाणा परत घालायचा तर उलट: तो टरफलाच्या मागं सोडायचा आणि टरफल आपल्याकडं ओढायचं. दबून आत जातो.

मी पहिल्यांदा सोयाबीनचा दाणा घेऊन बसलो होतो; आमच्याकडं त्याला तोटा नाही. गुळगुळीत, टणक. चिमटीतून जो सुटला तो थेट कपाटाखाली. तूर चपटी, हरभऱ्याला चोच. शेवटी बायकोच्या भांडी घासायच्या स्पंजमधून गोळी कापली तेव्हा जमलं. आरशासमोर पंधरा दिवस, रोज अर्धा तास. बोटं शिकतात, चेहरा शिकायला जास्त वेळ लागतो. दाणा चोरताना श्वास रोखायची सवय असते माणसाला, ती मोडावी लागते.

सातवीच्या वर्गात पहिला प्रयोग केला. टॉवेल पसरला, तीन टरफलं फिरवली. चाळीस पोरं फसली. चौथ्या फेरीला पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या अंगठ्याचं नख पांढरं झालंय." दाणा दाबून धरला की नखाखालचं रक्त सरकतं. ती टरफलांकडं बघतच नव्हती. तिला मी पैकीच्या पैकी दिले. परीक्षा कसलीच नव्हती तरी.

आता या टरफलांच्या खेळाचा थोरला भाऊ, वाट्या-गोळ्यांचा खेळ. बिलोली तेलंगणाच्या हद्दीवर, मांजरेच्या काठचा मुलूख. इथं बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येते. माझ्या लहानपणी येणारा गारुडी दखनीत बोलायचा. डमरू, बासरी, झोळी, आणि समोर चादर पांघरून पडलेला पोरगा: जमूरा. साप दाखवून झाला की तीन लाकडी वाट्या निघत. विलायती जादूगाराचे पेले उंच असतात आणि तो टेबलामागं उभा राहतो. आपल्या गारुड्याच्या वाट्या बसक्या, वर गोंड्यासारखी मूठ. ही मूठ नुसती शोभेची नाही. दोन बोटांत मूठ धरून वाटी उचलली की उरलेली बोटं मोकळी राहतात, आणि त्या मोकळ्या बोटांच्या मुळाशी चिंधीची गोळी दडलेली असते. वाटी टेकवता टेकवता गोळी आत. जमिनीवर बसून, चहूबाजूंनी पोरांचा गराडा, काहींची तोंडं तर त्याच्या खांद्यावर. टेबलाचा आडोसा नाही, पडदा नाही, दिव्यांची मेहेरबानी नाही. माझ्या मते रंगमंचावरच्या पेटीतल्या बाईचे दोन तुकडे करण्यापेक्षा हे शतपटीनं अवघड. मराठीनं त्याची कदर केलेलीच आहे. गारूड हा शब्द मुळात गरुडावरून आला, सापाचं विष उतरवणाऱ्या मंत्राचा. पण आज एखाद्या गाण्यानं आपल्यावर गारूड केलं असं आपण सहज म्हणतो.

वाट्या-गोळ्यांचा हा खेळ फार जुना. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानं पहिल्या शतकात एका पत्रात पेले आणि खडे फिरवणाऱ्या जादूगाराचा दाखला दिला आहे. फसण्यातच मजा, युक्ती कळली की गोडी संपते, असा त्याचा भावार्थ. 1813 मध्ये दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मदाऱ्यांनी लंडनमध्ये खेळ मांडले आणि 1821 साली विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकारानं हिंदुस्थानी जादूगारांच्या कौशल्यावर आख्खा निबंध लिहिला. अमेरिकेत मात्र अक्रोडाची टरफलं ठगांच्या हाती गेली. सोपी स्मिथ नावाचा त्यांचा म्होरक्या 1898 मध्ये अलास्कात गोळीबारात मेला.

सेनेकाचं मला पटत नाही. पेन आणि टेलर ही अमेरिकन जोडी हाच खेळ पारदर्शक पेल्यांनी करते. गोळी कधी आत गेली हे सगळं उघडं दिसतं, आणि तरीही नजर चुकते. याचं कारण हाताची चपळाई, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने, ज्यानं पुढं 1905 मध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, त्यानं 1894 साली जादूगारांच्या हातचलाखीवर लेख लिहिला होता. हालचालींची क्रमवार छायाचित्रं काढली तर भ्रम उरत नाही, असं त्याला दिसलं. म्हणजे हात लपवत नाही, लक्ष सोडून जातं. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या दोन संशोधकांनी लोकांना चेंडूफेकीची एक चित्रफीत दाखवून फेकी मोजायला सांगितल्या. मधून गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस छाती बडवत चालत गेलं. निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. माळेगावात मी फेकीच मोजत होतो.

म्हणून गारुडी विनोद नेमका कुठं करतो ते पाहा. पोरं हसली की गोळी सरकते. प्रश्न विचारला की आपण त्याच्या तोंडाकडं बघतो. "बच्चालोग, ताली बजाओ" म्हणतो तेव्हा आपलेच दोन हात त्याचं काम करतात. हीच चलाखी उघडी करून दाखवणारेही आहेत. 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत बुवांसारखीच रिकाम्या हातातून राख काढून दाखवतात आणि मग ती कशी काढली तेही सांगतात. हाताची विद्या तीच. बुवा ती सिद्धी म्हणून विकतो, टोपणवाला नशीब म्हणून, आणि गारुडी मात्र आधीच सांगतो की बाबांनो, ही पोटासाठी केलेली हातसफाई आहे. या तिघांत खोटं न बोलणारा तोच एक.

कायद्याला हा फरक फारसा कळलेला नाही. टोपणवाल्यासाठी 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, फसवणुकीचं कलम आहे, ते योग्यच. पण 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं यांच्या आडून पैसे मागणं हीसुद्धा भीकच धरली आहे. म्हणजे माझे वीस रुपये मारणारा आणि माझं बालपण रंगवणारा, दोघंही एकाच ठाण्यात बसणार. त्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि झोळीतला साप गेला. ते सापाच्या दृष्टीनं बरंच झालं. पण गारुड्याकडं उरल्या फक्त वाट्या, आणि पोरांच्या हाती मोबाइल आला. बिलोलीच्या बाजारात मी अलीकडं त्याला पाहिलेला नाही.

दिवाळी झाली की दीड-दोन महिन्यांत माळेगाव भरेल. जाणार असाल तर एवढं करा. पोत्यावर टोपणं फिरताना दिसली तर टोपणांकडं बघू नका, जिंकणाऱ्यांकडं बघा; दहा मिनिटांत तेच चेहरे पुन्हा जिंकताना दिसतील. तिथून 112 नंबर लावा. आणि कुठं वाट्या मांडलेला गारुडी भेटला, तर खाली बसा, पोरांना पुढं बसवा आणि उठताना चादरीवर पन्नासची नोट ठेवा. युक्ती विचारू नका. त्याच्या अंगठ्याच्या नखाकडं बघितलंत तरी चालेल.