सुका कचरा पुढे जातो कोठे?



आपले दुधनी मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी वसले आहे. दमणगंगेचे विस्तीर्ण पाणी पाहून येणारा प्रत्येक जण सुखावतो. मात्र उत्सव आटोपला की पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे व प्रसादाची पाकिटे मागे उरतात. ती गाडीत टाकली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. वास्तविक कचऱ्याचा खरा प्रवास तेथूनच सुरू होतो.

गोळा झालेला सुका कचरा प्रथम निवडला जातो. हे काम बहुतांशी मानवी हातच करतात. कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक वेगळे होऊन भंगार व्यापाऱ्यांमार्फत कारखान्यांकडे रवाना होते.

आपल्या शेजारच्या वापी परिसरात रद्दीपासून कागद तयार करणाऱ्या गिरण्या आहेत. रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात, टाचण्या व प्लॅस्टिक गाळून काढतात आणि त्यापासून खोक्यांचा तपकिरी कागद बनवितात. प्रत्येक वेळी कागदाचे तंतू आखूड होत जातात, म्हणून हे चक्र अनंत नाही. तेलकट वा खरकटा कागद तर पहिल्याच फेरीत बाद होतो.

पाण्याच्या बाटलीचे बारीक तुकडे करून ते धुतात. पाण्यात बाटलीचे तुकडे बुडतात व झाकणाचे तरंगतात. अशा रीतीने दोन्ही निराळे होतात. बाटलीचे तुकडे वितळवून पॉलिएस्टरचा धागा काढतात. ॲल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळविल्यास खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत मात्र प्लॅस्टिक व धातूचे थर एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. अशी काही पाकिटे सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. उरलेली कचराभूमीवर साचतात, उघड्यावर जाळली जातात अथवा ओढ्यावाटे पाण्यात येतात.

या साखळीतील माणसाचा विचार पुण्याने केला. तेथे 1993 साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या उभारणीत डॉ. बाबा आढाव यांचा मोलाचा वाटा होता. पुढे 2008 साली कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वेचणारी स्त्री दारी मानाने येऊ लागली. वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहनही या संस्थेने केले. न उघडताच आत काय आहे हे कळावे, एवढाच त्यामागील हेतू.

2016 साली केंद्र शासनाच्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केले. परंतु नियमापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, आपण एकत्र टाकलेला कचरा कुणीतरी आपल्यासारखाच माणूस हाताने निवडतो.

म्हणून सर्वांना नम्र विनंती, की बाटल्या रिकाम्या करून द्याव्यात, कागद कोरडा ठेवावा, फुटकी काच कागदात गुंडाळून तशी खूण करावी. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जलाशयात सोडू नये. फुले-पाने खतासाठी निराळी ठेवावीत. ज्या पाण्यास आपण हात जोडतो, ते निर्मळ राखणे हीसुद्धा सेवाच होय.

आपला नम्र,
सचिव