खोट्या माशानें खरा मासा



आपल्या भाषेंत "गळ टाकून बसणें" असा वाक्प्रचार आहे. गळ टाकणारा मनुष्य बसतोच, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, किंवा वारणा जेथें कृष्णेस मिळते त्या हरिपुरास संध्याकाळीं गेलां, तर असे बसलेले गृहस्थ दिसतील. गळाला गांडूळ नाहीं तर कणकेची गोळी लावलेली, काठी दोन दगडांमध्यें रोवलेली आणि धनी स्वस्थ. मासा येईल तेव्हां येईल. आज ज्या प्रकाराविषयीं मी बोलणार आहें त्यांत बसणें मुळींच नाहीं, आणि आमिषहि खरें नाहीं. धातूचा, लाकडाचा किंवा रबराचा एक खोटा मासा दोऱ्याला बांधून दूर पाण्यांत फेंकावयाचा, व तो जिवंत भासेल अशा रीतीनें ओढीत परत आणावयाचा. चार पावलें पुढें सरकून पुन्हां तेंच. बसणारा माशाची वाट पाहतो. हा मनुष्य माशाच्या शोधांत हिंडतो.

हें वेड मला जडून तीस वर्षें होऊन गेलीं. मी शाळामास्तर होतों, मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. तेव्हां स्वतः करून पाहिलेलें व थोडेंबहुत वाचलेलें एवढेंच सांगणार आहें.

या खोट्या आमिषाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत ज्यूलिओ ब्यूएल नांवाचा एक गृहस्थ होडींत बसून जेवीत असतां त्याच्या हातून चमचा तळ्यांत पडला. तो हेलकावे खात बुडूं लागला तोंच एका थोरल्या माशानें त्यावर झडप घातली, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, ब्यूएलनें १८५२ सालीं अशा चमच्याचें पेटंट घेतलें हें खरें. पुढें फिनलंडमधील लॉरी रापाला या कोळ्यानें १९३६ सालीं बुचाच्या सालीचा मासा कोरला व त्यावर चॉकलेटच्या वेष्टणाचा चंदेरी कागद चढविला. मोठा मासा लहान माशांच्या थव्यांत शिरला म्हणजे सरळ पोहणाऱ्यांना सोडून लंगडत चालणाऱ्या एखाद्यालाच उचलतो, हें त्यानें नेमकें हेरलें होतें. आपल्या देशांत मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनीं १८७३ सालीं 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहिलें. त्यांत अशा आमिषांनीं येथील नद्यांतील मासे कसे धरावे याचें वर्णन आहे.

आतां मासा फसतो कसा, हें पाहूं. शिकारी मासा डोळ्यांनीं पाहतो हें तर आहेच. परंतु त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत सूक्ष्म छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यांतील हालचालीचा धक्का या रेषेवर उमटतो, आणि गढूळ पाण्यांत किंवा अंधारांतहि माशाला भक्ष्याचा माग लागतो. चमचा डोलत येतो तेव्हां त्याचा चकचकाट डोळ्यांसाठीं असतो व त्याची थरथर पार्श्वरेषेसाठीं. म्हणूनच निवळ पाण्यांत लहान व चंदेरी चमचा पुरतो. पाणी मळकट असेल तर थोडा मोठा, पितळी किंवा तांबड्या झांकीचा घ्यावा.

साहित्याचा बाऊ करूं नये. दुकानदार वीस वस्तु दाखवील. त्यांपैकीं पांच पुरेत. साडेसहा-सात फुटांची हलकी काठी. दोरा फेंकतांना ज्याचें चाक स्वतः फिरत नाहीं असें मध्यम आकाराचें रीळ. वीस पौंडांचा विणलेला दोरा. दहा ते पंधरा ग्रॅमचा एक चमचा. आणि एक पोकळ रबरी बेडूक. आमिषाच्या अलीकडे वीतभर बारीक तार अवश्य बांधावी, कारण आपले शिकारी मासे दातांचे आहेत. रिळावर दोरा घट्ट किंवा सैल सुटण्याची एक चावी असते. ती इतकी सैल असावी, कीं मोठा मासा जोरानें ओढूं लागला असतां दोरा तुटण्याऐवजीं सुटावा. नवशिक्याच्या हातून निम्मे मासे या एका चावीच्या दुर्लक्षानें जातात.

फेंकण्याचा सराव नदीवर नव्हे, मैदानावर करावा. चमच्याच्या जागीं तेवढ्याच वजनाचें शिसें बांधून वीस पावलांवरच्या एखाद्या घमेल्यांत टाकावें. शेजारचीं मुलें हंसतील, हंसूं द्यावीं. नदीवर गेल्यावर आमिष पाण्याच्या मधोमध भिरकावण्याचा मोह सर्वांना होतो. शिकारी मासा मात्र बहुधा उघड्यावर राहत नाहीं. तो खडकाच्या आडोशाला, बुडालेल्या झाडाच्या सांवलींत किंवा गवताच्या कडेला टपलेला असतो. आमिष त्याच्या दारावरून जावें. ओढतांना एकसारखी गति ठेवूं नये. दोन हात ओढावें, क्षणभर थांबून बुडूं द्यावें, पुन्हां ओढावें. झडप बहुधा त्या थांबण्यांतच पडते.

कृष्णाखोऱ्यांतील शिकारी माशांत शिवडा मोठा दांडगा. अंगावर खवलें नाहींत, जबडा डोळ्यांच्याहि मागें फांकलेला, आणि त्यांत बारीक दातांच्या रांगा. तो रात्रीचा हिंडणारा. म्हणून दिवेलागणीची व उजाडण्यापूर्वींची वेळ त्याची. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यानंतर बसवितात. मग त्यांच्या खालच्या अंगास जें फेंसाळ पाणी असतें तेथें बारीक मासळी गोळा होते, आणि तिच्या मागें शिवडा येतो.

खडशीची गोष्ट निराळी. हिलाच इतरत्र महसीर म्हणतात. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याकडील नमुन्यावरून हिचें शास्त्रीय वर्णन केलें, व आपल्याकडील मराठी नांवच थोडें वांकवून तिला 'खुद्री' असें नांव दिलें. ही वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्याची राणी. पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध वर चढून ती खडीवर अंडीं घालते. वाटेंत धरण आलें कीं ती वाट संपते. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत हिची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि पिलें परप्रांतांतहि गेलीं. कावेरींत तीं इतकीं माजलीं कीं तेथील मूळच्या कुबडाच्या महसीरावरच संकट आलें. घरीं दुर्मिळ होत चाललेला मासा परक्याच्या घरीं आक्रमक ठरला! आपल्या नदींत खडशी लागलीच तर ती सोडून द्यावी असें माझें स्पष्ट मत आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीवर लोक तिला देवीचा मासा मानून मुरमुरे घालतात. तेथें गळ काढण्याचा विचारहि कोणी करीत नाहीं.

परंतु नवशिक्याचा खरा मासा म्हणजे मरळ. ओढे, पाझर तलाव, जुन्या खाणी, नदीचे तुटलेले डोह, अशा संथ व गवताळ पाण्यांत ती राहते. तिला कल्ल्यांखेरीज हवेंत श्वास घेण्याची सोय आहे. त्यामुळें दुसरे मासे जेथें गुदमरतील तेथेंहि ती तगते. मात्र हवेसाठीं तिला वारंवार वर यावें लागतें. पाणी हलकेंच उकलल्यासारखें होऊन एखादा बुडबुडा दिसला, कीं ओळखावें, मरळ तेथें आहे. शेवाळावरून रबरी बेडूक उड्या मारीत न्यावा. ती खालून फोडून वर येते तेव्हां पाहणाऱ्याचें काळीज धडधडतें, आणि तो लगेच झटका देतो. बेडूक तिच्या तोंडांतून निसटतो. तोंडांत घेतल्यावर मनांत एक-दोन म्हणावें, दोरा ताणलेला लागला कीं मग झटका द्यावा.

येथें मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९४ सालच्या जुलै महिन्यांतील ती गोष्ट. माझी नोकरी तेव्हां खटाव तालुक्यांत होती. विकतचें आमिष आमच्या आवाक्याबाहेरचें. म्हणून घरांतील एका पितळी चमच्याची दांडी कापून, दोन्ही टोकांस भोंकें पाडून, मीं ब्यूएलचाच प्रयोग केला होता. (तो चमचा माहेरचा होता हें मला मागाहून समजलें.) येरळेच्या खोऱ्यांतील एका पाझर तलावावर कांठाशीं परातीएवढा एक तांबूस पुंजका हलतांना दिसला. पिलें होतीं, शेंकड्यांनीं. सगळीं मिळून वर येत, हवा घेत, खालीं जात. मीं त्या पुंजक्यापलीकडे चमचा टाकून मधून ओढला. पहिल्या खेपेस पाणी उसळलें. दुसऱ्या खेपेस कांहींतरी चमच्याला ढुशी देऊन गेलें. तिसऱ्या खेपेस काठी वांकली आणि दोन किलोंच्या घरांतील मरळ बाहेर आली. माझा आनंद गगनांत मावेना.

पलीकडे एक वृद्ध भोई जाळें विंचरीत होता. तो उठून आला, मासा पाहिला, पाण्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी मासा न्हाई धरलासा. घर उजाडलंसा."

मला अर्थ कळेना. तो म्हणाला, "बसा हितंच. बघा."

मी बसलों. पहिलीं पांच मिनिटें पुंजका तेथेंच घुटमळला. मग चिलापीचे चार-सहा मासे कडेनें आले. मघांशीं ते बहुधा लांबच राहिले होते. आतां त्यांना कोणी हटकलें नाहीं. पुंजका फुटला, दोन झाले, चार झाले. पंधरा-वीस मिनिटांत पाण्यावर तांबूस असें कांहींच उरलें नाहीं. मरळ खालोईवर पडली होती. ती तोंवर मेलेलीहि होती. सोडावी म्हटलें तरी वेळ निघून गेली होती.

त्या मरळीला भूक नव्हती. तिनें चमचा खाण्यासाठीं धरला नव्हता. पोरांच्या अंगावर आलेलें संकट तोंडानें हुसकून लावलें होतें. हा भेद कोणत्याहि दुकानांत सांगत नाहींत. उलट, पिलांचा पुंजका दिसला तर त्यावरच आमिष फेंका, हमखास मासा मिळेल, असा सल्ला देणारे लोक मला आजहि भेटतात. सल्ला खोटा नाहीं, मासा मिळतो. मीं मात्र तेव्हांपासून मृगापासून गणपतीपर्यंत मरळीच्या पाण्यावर काठी नेली नाहीं. आणि पुढेंमागें अवेळीं पुंजका दिसलाच, तर आमिष गुंडाळून दुसऱ्या कांठाला जातों. नवशिक्यानें पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, आरंभ करावा. पुढें उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ उत्तम.

जेथें जाल तेथें आधीं विचारून जावें. पुष्कळ तलाव व धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांनीं मासेमारीसाठीं ठेक्यानें घेतलेले असतात. आपली हौस ती त्यांची भाकरी. दोन गोड शब्दांनीं विचारलें तर बहुधा नाहीं म्हणत नाहींत. कोयना अभयारण्य व चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान हीं २०१० सालापासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत आहेत. त्यांच्या हद्दींत काठी नेऊं नये. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेंत मगरी आहेत. तेथें गुडघाभर पाण्यांतहि उतरूं नये, कांठापासून दोन हात मागेंच उभें राहावें, आणि अडकलेला चमचा सोडविण्यासाठीं पाण्यांत शिरण्यापेक्षां दोरा तोडावा. चमचा बाजारांत मिळतो. पाण्याला वास येत असेल तर त्या दिवशीं घरीं परतावें. २०२३ च्या मार्च महिन्यांत सांगलीजवळ कृष्णेंत दूषित पाण्यामुळें मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो पाहणारे विसरणार नाहींत.

मासा सोडावयाचा असेल तर गळाचा कांटा आधींच पक्कडीनें दाबून सपाट करून ठेवावा, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले करून मासा धरावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व मागाहून रोग होतो. वाहत्या पाण्यांत त्याचें तोंड प्रवाहाकडे करून शेपटीशीं हलकेंच धरावें. ढकलूं नये. त्याच्या अंगांत बळ आलें कीं शेपटीचा एक हिसका बसतो आणि हात रिकामा होतो. घरीं न्यावयाचा असेल तर एक पुरे. आणि मरळीचें कालवण चिंच घालून करावें, एवढें माझ्या घरचें मत मी येथें नोंदवून ठेवतों.