रविवारचा नाच, रात्रीची दारू आणि इंग्लंडचा कायदा

शिकायला इंग्लंडला गेलेल्या मुलांचे अम्मी-अब्बा आम्हाला विचारतात, "सर, तिथं म्हणे रात्रभर दारू विकायला मोकळीक आहे?" उत्तर अर्धं होय, अर्धं नाही. म्हणून हा कायदा नीट समजून घेऊ.

रविवार हा ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस. १७८० च्या कायद्याने रविवारी तिकीट लावून सार्वजनिक करमणूक करायला मनाई होती. म्हणजे बंदी नाचण्यावर नव्हती, पैसे घेऊन नाचाचा कार्यक्रम भरवण्यावर होती. दारूचं कारण वेगळं. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार शुद्धीत कामावर यावेत म्हणून पबच्या वेळा कमी केल्या. युद्ध संपलं, बंधनं राहिली. पुढे पब साधारण रात्री ११ ला आणि रविवारी साडेदहाला बंद होत.

२००० च्या सुमारास रविवारच्या नाचावरची बंदी उठली. मग २००३ चा परवाना कायदा आला. तो नोव्हेंबर २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला आणि सगळ्यांना एकच असलेली बंद होण्याची वेळ गेली. सरकारचं म्हणणं असं, की सगळे पब एकदम बंद झाले की लोक घाईघाईने पितात आणि एकाच वेळी रस्त्यावर येऊन भांडतात.

पण ही सरसकट सूट नाही. प्रत्येक पबची, दुकानाची वेळ त्याच्या परवान्यात लिहिलेली असते आणि परवाना स्थानिक परिषद देते. त्यात चार गोष्टी बघतात: गुन्हे रोखणे, लोकांची सुरक्षितता, उपद्रव टाळणे आणि मुलांचं रक्षण. शेजारी हरकत घेऊ शकतात, परवाना मिळाल्यावरही फेरविचार मागू शकतात. मात्र "आमच्या धर्मात चालत नाही" ही हरकत टिकत नाही. रात्रीचा गोंगाट, दारात होणारी भांडणं हे पुराव्यानिशी मांडावं लागतं. तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

आणि पालकांनो, सरकारने बंदी उठवली म्हणून हराम ते हलाल होत नाही. रात्री एक वाजता मित्रांनी ग्लास पुढे केला, तर तिथला कायदा आपल्या मुलाला अडवणार नाही. अडवेल ती घरची शिकवण. फोनवर फी आणि जेवणाचं विचारतो, तसं याबद्दलही बोलू या. न रागावता, मोकळेपणाने.