४के व्हिडिओ एडिटिंगमध्ये अडकतोय? मशीन बदलायच्या आधी हे बघा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे कमी केलेत.)

आजचा विषय असा की फोनवर ४के व्हिडिओ काढला, तो फोनवर मस्त चालतो, कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्येही कसाबसा चालतो, पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की अडकत अडकत चालतो. आवाज पुढे, चित्र मागे. स्पेसबार दाबला की दोन सेकंद काहीच नाही आणि मग एकदम उडी. यावर दुकानदार एकच सल्ला देतात, मशीन बदला.

हाच सल्ला माझ्या मामेभावाला मिळाला होता. तो धर्मापुरीत राहतो. आपल्या बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी, परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातलं. लग्नाचं, वाढदिवसाचं शूटिंग करतो आणि मधल्या काळात गावातल्या केदारेश्वर मंदिराचा एक व्हिडिओ करायचं त्याच्या डोक्यात होतं. ज्यांनी ते मंदिर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चालुक्यकाळातलं दगडी मंदिर आहे आणि बाहेरच्या भिंतींवर एकापेक्षा एक सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. त्याने चाळीस मिनिटांचं फूटेज काढलं, ४के, सेकंदाला ६० फ्रेम. घरचा कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. दुकानात नव्या मशीनचा आकडा ऐंशी हजारांच्या पुढे निघाला. मला फोन आला, ‘‘दादा, लग्नसराईच्या आधी कर्ज काढून घेऊन टाकू का? हे लै अटकायलंय.’’ मी म्हटलं, थांब, आधी नेमकं काय अटकतंय ते बघू.

आता जरा गणित. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळजवळ ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर पडद्यावर दाखवायची एक फ्रेम साधारण २५ एमबीची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला दीड जीबी. पण फोनमधली फाईल तर एवढी मोठी नसते ना! आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, ४के ६० फ्रेमला एका मिनिटाला ४०० एमबी. म्हणजे सेकंदाला सातएक एमबी. दोनशे पटींहून जास्त दाबून बसवलेला माल आहे हा.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं फाईल मोठी म्हणून मशीनला जड जाते. खरं तर उलटं आहे. फाईल इतकी लहान केलीय म्हणून ती जड जाते. सेकंदाला सात एमबी वाचणं जुन्यातली जुनी हार्ड डिस्कही करते, त्यात काही दम लागत नाही. दम लागतो तो दाबलेलं उलगडायला. त्याला डीकोडिंग म्हणतात.

आणि दाबतात कसं, ते समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. एच.२६४ आणि त्याच्यानंतर २०१३ मध्ये आलेलं एच.२६५, ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात, ही दोन्ही सगळ्या फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण साठवतात आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच लिहून ठेवतात. काही फ्रेम तर मागची आणि पुढची अशा दोन्हीकडे बघून बनतात. किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यासमोर आणा. रोज पूर्ण हिशोब कोणी मांडत नाही, ‘आज दोन किलो साखर, काल दिले शंभर’ एवढंच लिहितात. महिन्याच्या मधल्या एखाद्या तारखेला नक्की बाकी किती होती हे सांगायचं असेल तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं.

व्हिडिओ सरळ बघताना हे चालून जातं, कारण आपण वही पहिल्या पानापासूनच वाचत असतो. एडिटिंगमध्ये आपण काय करतो? मधूनच कापतो, इकडून तिकडे उडी मारतो, दोन क्लिप एकावर एक ठेवतो, उलटं सरकवतो. प्रत्येक उडीला मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशोब करत यावं लागतं. आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेमला वेळ किती? १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात नाही झालं की ती फ्रेम गळते. आपल्याला दिसणारं अडकणं म्हणजे या गळलेल्या फ्रेम.

मग फोनला कसं जमतं? फोनमध्ये याच कामासाठी वेगळं सर्किट असतं, हार्डवेअर डीकोडर. कॉम्प्युटरमध्येही असतं, पण मशीन केव्हाचं आहे त्यावर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ साठीचा पूर्ण डीकोडर सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून मिळतो, १०-बिट एच.२६५ सातव्या पिढीपासून. भावाचं मशीन चौथ्या पिढीचं. म्हणजे सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर. आणखी एक, काही कॅमेरे ४:२:२ प्रकारचं रेकॉर्डिंग करतात, त्यात रंगाची माहिती जास्त असते. ते उलगडायचं सर्किट बऱ्याच महागड्या ग्राफिक्स कार्डांतही नव्हतं. एनव्हिडियाने ते २०२५ च्या ५० सिरीजमध्ये आणलं. म्हणजे लाखाचं मशीन घेऊनसुद्धा तुमच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अटकू शकतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा आणि व्हिडिओ चालू करा. चार ठिकाणी नजर टाका. सीपीयू शंभरच्या आसपास आणि जीपीयूमधला ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख शून्यावर पडलेला असेल, तर हार्डवेअर डीकोडर कामालाच लागलेला नाही. मशीनमध्ये तो असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं. मेमरी गच्च भरली असेल तर आधी ब्राउझर बंद करा, बाकी नंतर बोलू. डिस्क शंभर टक्के दिसत असेल तर बघा, फूटेज पेन ड्राइव्हवरून किंवा थेट मेमरी कार्डवरून तर चालवत नाही ना. आणि सगळंच निवांत दिसतंय, तरी अडकतंय, असं असेल तर लॅपटॉप चार्जरवर आहे का ते बघा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात.

आपल्याकडची एक खास गोष्ट म्हणजे उष्णता. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, वर पत्र्याची खोली, पंख्यात वर्षभराची धूळ. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. सकाळी नीट चालणारा प्रोजेक्ट दुपारी अटकतो तो यामुळे. मशीन बंद करून, प्लग काढून, ब्रशने धूळ झाडा. पंखा बोटाने धरून ठेवा, तो फिरू देऊ नका. फुकटचा इलाज आहे.

भावाच्या मशीनवर सीपीयू शंभर आणि डीकोडर नाहीच. त्यामुळे उपाय एकच, आणि माझ्या मते नव्वद टक्के लोकांना हाच लागतो, प्रॉक्सी.

प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची एक हलकी नक्कल. एडिटिंग नक्कलेवर करायचं, शेवटी फायनल व्हिडिओ काढताना सॉफ्टवेअर मूळ फाईल वापरतं. लोकांना वाटतं ही गरिबाची सोय आहे. अजिबात नाही. फिल्मच्या जमान्यात एडिटर मूळ निगेटिव्हला कात्री लावतच नसे. निगेटिव्हवरून काढलेल्या पॉझिटिव्ह प्रिंटवर सगळी कापाकापी व्हायची आणि ती पक्की झाली की त्याबरहुकूम निगेटिव्ह कापली जायची. पुण्यात आज एफटीआयआय आहे त्या प्रभातच्या आवारात जे सिनेमे झाले, त्या काळातली ही रीत. आपण तेच करतोय, फक्त कात्री नाही.

प्रॉक्सी बनवताना दोन निर्णय महत्त्वाचे. पहिला, आकार. ४के असेल तर १०८० किंवा त्याहून कमी, ७२० सुद्धा चालतं. दुसरा निर्णय लोक विसरतात, तो म्हणजे फॉरमॅट. प्रॉक्सी परत एच.२६५ मध्ये केली तर उधारीची वही तशीच राहिली की! प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा फॉरमॅट घ्या. डीएनएक्सएचआर एलबी, प्रोरेस प्रॉक्सी, किंवा मोशन जेपेग. यात फाईल मोठी होते. १०८० आकाराची, ३० फ्रेमची डीएनएक्सएचआर एलबी प्रॉक्सी तासाला साधारण २० जीबी जागा खाते, तर तेवढ्याच वेळेचा फोनचा मूळ ४के व्हिडिओ १० जीबीत बसतो. ठिपके एक चतुर्थांश, फाईल दुप्पट, आणि तरीही चालायला लोण्यासारखी. मघाशी म्हटलं ना, लहान फाईल जड असते, त्याचा हा पुरावा.

कुठे मिळेल? दाविंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राईट क्लिक करून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. प्रीमियरमध्ये ‘क्रिएट प्रॉक्सीज’, आणि चालू-बंद करायला ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण. भाऊ केडेनलाईव्ह वापरतो, ते मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे; त्यात प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा वेगळा टॅबच आहे. त्याने मोशन जेपेग निवडलं, ६४० रुंदी ठेवली आणि रात्री जेवण करून लावून दिलं. प्रॉक्सी बनायला वेळ लागतोच, कारण उलगडण्याचं जे काम रोज शंभर वेळा व्हायचं ते आता एकदाच पण पूर्ण करावं लागतं. मध्ये लाईट गेली. पण आधी तयार झालेल्या क्लिप तशाच राहिल्या, राहिलेल्या सकाळी पुन्हा लावल्या. दहाच्या सुमाराला त्याचा मेसेज आला, ‘‘दादा, उलटं पण पळायलंय.’’

दोन सावधगिऱ्या. फोनचा व्हिडिओ बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटचा असतो, म्हणजे सेकंदाला कधी ६०, कधी ५८. एडिटिंगमध्ये मग आवाज हळूहळू सरकतो. लांब क्लिप असतील, भाषण, कीर्तन, मुलाखत असेल, तर प्रॉक्सीच्या आधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, क्वालिटी चांगली ठेवून क्लिप बदलून घ्या. मंदिराच्या व्हिडिओत मागे फक्त निवेदन होतं, म्हणून ही पायरी आम्ही सोडली.

दुसरी गोष्ट फोकसची. ६४० च्या प्रॉक्सीवर सगळंच रेखीव दिसतं. सुरसुंदरीच्या हातातलं बांगडीचं कोरीव काम स्पष्ट आहे की पुसट, हे प्रॉक्सीवर कळत नाही. त्यामुळे निवडलेला प्रत्येक शॉट एकदा प्रॉक्सी बंद करून, व्हिडिओ न चालवता एका जागी थांबवून बघायचा. एकच फ्रेम उलगडायला जुनं मशीनही समर्थ आहे. भावाने असे बघताना गाभाऱ्याजवळचे काही शॉट काढून टाकले. रंगाचं काम पण मूळ फाईलवरच तपासा.

पुढच्या शूटिंगसाठी त्याला मी एवढंच म्हटलं की ६० फ्रेम कशाला? स्लो मोशन करायचं नसेल तर ३० पुरे. दगड काही पळत नाही. फ्रेम निम्म्या झाल्या की प्रत्येक फ्रेमला वेळ दुप्पट मिळतो, ३३ मिलिसेकंद.

आणि पैसे घालायचेच असतील तर कुठे? त्याच्यासारख्या मशीनला आधी आणखी ८ जीबी रॅम आणि एक साटा एसएसडी, प्रॉक्सी आणि कॅशे त्यावर. सोबत यूपीएस. त्यानंतर, ग्राहक वाढले आणि रोज रात्रभर प्रॉक्सी बनवण्यात दिवस मोडायला लागला, तर मशीन बदलावं, त्यात काही गैर नाही. पण तेव्हा दुकानदाराला ‘व्हिडिओ एडिटिंगचं मशीन द्या’ असं म्हणू नका. तुमच्या कॅमेऱ्याच्या दोन खऱ्या क्लिप पेन ड्राइव्हवर न्या, तिथल्या मशीनवर कॉपी करून चालवायला सांगा आणि टास्क मॅनेजरमधला व्हिडिओ डीकोडचा आलेख हलतो का ते स्वतः बघा.

फायनल काढताना ‘प्रॉक्सी वापरा’ अशा अर्थाच्या खुणेवर टिक नाही ना, एवढं मात्र पाहून घ्या. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती खूण असते, आणि चुकून लागली तर ४केच्या नावाखाली अंधूक व्हिडिओ बाहेर पडतो. फायनल निघायला जुन्या मशीनवर कितीही तास लागू द्या, तिथे अडकण्याचा प्रश्न नाही. तिथे एकही फ्रेम गळत नाही, फक्त उशीर होतो.

तुमच्या मशीनवर चार आलेखांपैकी कोणता शंभरला टेकतो ते लिहून कळवा, सोबत प्रोसेसरची पिढी आणि कॅमेऱ्याचं मॉडेल पण टाका. पुढच्या भागात आवाजाचं बघू, लग्नाच्या डीजेत रेकॉर्ड झालेलं मंगलाष्टक साफ कसं करायचं ते.